यक्षाची कोजागिरी

भाचा बोस्टनला असतो. सप्टेंबर संपत आला की त्याचे फोटो सुरू होतात. लाल-पिवळी झाडं, खिडकीशी खुर्ची, पायांवर शाल, हातात वाफाळता मग आणि खाली 'मामा, फॉल वीकेंड!' नागपूरच्या माणसानं ऑक्टोबरात असले फोटो पाहू नयेत. मी पाहिले आणि बायकोला म्हटलं, "शनिवारी कोजागिरी आहे, दोन दिवस रामटेकला जाऊ, तुझ्या माहेरी. लहान गाव, तळं, टेकडी. मस्त शाल पांघरून पडून राहू."

"शाल?" ती म्हणाली. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

नागपूर ते रामटेक जेमतेम ५० किलोमीटर. एसटीत कामठी येईपर्यंत शर्ट पाठीला चिकटला आणि मनसरच्या फाट्यावर मी शर्टासकट सीटला चिकटलो. पाऊस परत गेलेला, आभाळ धुऊन काढल्यासारखं निळं, त्यामुळे वरून ऊन थेट टाळूवर आणि खालून मुरलेल्या पाण्याची वाफ. मे महिन्यात आम्ही डरत नाही. तेव्हा ४५ अंशांची तयारीच असते. डोक्याला दुपट्टा असतो, खिशात कांदा असतो आणि मुख्य म्हणजे खिडकीत कूलर असतो.

सासऱ्यांच्या खिडकीत कूलर नव्हता.

"दसऱ्याले काढला न जी," सासूबाई म्हणाल्या. या घरात कूलर होळीला बसतो आणि दसऱ्याला निघतो. हवामान काहीही म्हणो, पंचांगापुढे त्याचं चालत नाही. तो आता अंगणाच्या कोपऱ्यात जुन्या चादरीत गुंडाळून, सुतळीनं आवळून ठेवला होता. हार तेवढा घालायचा बाकी होता. शेजारी वाळ्याची ताटी भिंतीला टेकून सुतकात बसल्यासारखी. आत पंखा खोलीतली गरम हवा सगळ्यांना सारखी वाटून देत होता. मी दुपारभर त्या चादरीकडे बघत बसलो.

"बाबा, फारच गरम होऊन रायलं," मी शेवटी म्हटलं.

सासरे संस्कृतचे निवृत्त मास्तर. ते प्रसन्न झाले. "होणारच! वैद्यानां शारदी माता! शरद म्हणजे वैद्यांची आई, जावईबापू. पित्त खवळते या दिवसांत. रात्री दूध प्या." कूलरबद्दल एक अक्षर नाही.

संध्याकाळी त्यांनी मला गडमंदिरावर नेलं. मी शाल घेतली, कारण फोटो काढून भाच्याला पाठवायचा होता. पायऱ्यांवर एक लंगूर शांतपणे आला आणि माझ्या खांद्यावरची शाल मी त्याला दिल्यासारखी घेऊन गेला. वरच्या कठड्यावर बसून त्यानं ती दोन मिनिटं अंगावर ठेवली, मग खाली टाकून दिली. त्यालाही उकडत असावं.

वर कालिदास स्मारकाशी वारा पडलेला. शापामुळे बायकोपासून वर्षभर दूर पडलेला यक्ष जिथं राहिला, तो 'मेघदूता'तला रामगिरी म्हणजेच रामटेक असं मानतात. सासऱ्यांच्या मते तर यक्ष मागच्या आळीतलाच. त्यांनी हात उंचावून म्हटलं, "परिणतशरच्चन्द्रिकासु क्षपासु! शरदाच्या पिकल्या चांदण्यात आपण सगळी हौस भागवू, असं तो बायकोला कळवतो."

"इथं, रामटेकात?"

"छे! शाप संपल्यावर. कार्तिकी एकादशीला विष्णू उठला की. तिकडं अलकेत, हिमालयात."

मी बोटांवर मोजलं. कोजागिरी आश्विनातली. म्हणजे आजची रात्र त्यानं इथंच काढली, शाप चालू असताना. माणूस विरहानं वाळला, हातातलं कडं गळून पडलं, असं सगळे सांगतात. मला आता दुसरं कारण दिसायला लागलं होतं.

रात्री गच्चीवर गल्लीतल्या पोरी भुलाबाईची गाणी म्हणायला जमल्या. त्यांच्यासाठी मोठा बल्ब लावलेला. गाणी झाल्यावर सासूबाई झाकलेला डबा हलवून "ओळखा खिरापत!" म्हणत होत्या आणि पोरी ओरडत होत्या, "चिवडा! शंकरपाळे! साबुदाणा!" मी मनातल्या मनात "बर्फ" म्हणालो. निघाले फुटाणे.

मग मसाला दूध आलं. उकळतं. पातेल्यात चांदणं पडावं म्हणून तासभर उघडं ठेवलं, तरी गार होण्याचं नाव नाही. रामटेकच्या चहूबाजूंनी धानाच्या बांध्या, आणि धान लोंबीवर आलं की हिरवे तुडतुडे दिव्यावर थव्यानं येतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी ग्लासात चंद्र बघत होतो. चंद्राशेजारी पिस्त्याचा नाजूक हिरवा काप तरंगत होता. चमच्यानं उचलायला गेलो तर तो उडून बल्बाकडे गेला.

"आई, दुधात पिस्ता घातला होता का?" मी जपून विचारलं.

"नाही जी," सासूबाई म्हणाल्या, "औंदा लय महाग होता. बदामच घातले. काहून?"

माझा दुसरा ग्लास चालू होता.