कात्रीला आधी बसवणारा हवा

द्राक्षबागांची ऑक्टोबरची गोडी छाटणी जवळ आली की निफाड-दिंडोरीकडे कात्रीचा विषय निघतोच. छाटणीची असो की मणी विरळणीची, परदेशी कात्री महाग पडते आणि स्वस्तातली हंगामभर पुरत नाही. मग आपल्याच कारागिरांनी ती घडवावी, आणि मेरठच्या कात्रीला 2013 मध्ये मिळालं तसं जीआय (भौगोलिक) मानांकन नाशिकनंही मिळवावं, असं बरेच जण म्हणतात. घडवावी हे मला मनापासून पटतं. मानांकनाची घाई मात्र नको, असं जर्मनीतल्या सोलिंगनमध्ये, चाकू-कात्र्यांच्या या गावात राहून वाटतं.

सोलिंगनचं नाव 1938 पासून कायद्यानं राखलेलं आहे. पात्याच्या वस्तूवर ते कोरायचं तर घडणीची सगळी महत्त्वाची कामं सोलिंगन किंवा शेजारच्या हानमध्येच व्हावी लागतात. नियम कडक आहे आणि चांगलाच आहे. तरीही हातानं कात्री बसवणारे, म्हणजे दोन पाती एकमेकींशी जुळवणारे, इथे मोजकेच उरलेत. कात्रीची पाती घडवणारा हेंड्रिक्सचा कारखाना 1886 पासून शंभर वर्षं चालला. आज तिथे संग्रहालय आहे. आपल्याकडेही पैठणीला जीआय आहे, म्हणून यंत्रमागावरची साडी पैठणी म्हणून विकायची थांबली का?

कात्रीचं मर्म बसवणीत आहे. पाती घडवून, पाणी देऊन (तापवून, विझवून कडक करून), घासून तयार झाली तरी ती अजून कात्री नसते. पात्याची आतली बाजू किंचित पोकळ घासलेली असते आणि पातं लांबीतही जरासं बाकदार असतं. चांगली कात्री मिटून उजेडापुढे धरा: टोकं टेकलेली आणि मध्ये बारीक फट दिसेल. कापताना दोन्ही धारा एका वेळी एकाच बिंदूवर भेटतात आणि तो बिंदू स्क्रूपासून टोकाकडे सरकत जातो. बाक कमी पडला तर कापड पात्यांमध्ये दुमडतं, जास्त झाला तर धारा एकमेकींना खातात. म्हणून बसवणारा पातं ऐरणीवर ठेवून हलके ठोके देतो, स्क्रू आवळतो, उघडमीट करून बघतो, सोडतो, पुन्हा ठोकतो. पाणी जास्त कडक बसलं असेल तर पातं इथेच तडकतं. नरम राहिलं असेल तर धार वळते. शेवटी ओलं तलम कापड टोकापर्यंत सरळ कापलं गेलं की काम झालं. अशी पाती जोडीनं खूण करून ठेवावी लागतात, कारण एकीचं पातं दुसरीला लागत नाही.

नाशिकमध्ये कितीतरी चांगल्या कात्र्या धारेला देतानाच वाया जातात, याची फार हळहळ वाटते. वेगानं फिरणाऱ्या कोरड्या चाकावर कड निळी पडली की समजावं, पोलाद 300 अंशांच्या आसपास तापलं आणि पाणी उतरलं. त्याहून वाईट म्हणजे आतली बाजू दगडावर सपाट घासणं. पोकळी गेली की मग कितीही धार लावा, कितीही स्क्रू आवळा, कात्री कापत नाही. धार बाहेरच्या उतारावरच लावायची आणि आतल्या कडेला आलेली खरखर हलक्या हातानं काढायची. विरळणीच्या कात्रीत मण्यांचा रस स्क्रूपाशी सुकून चिकटतो. घट्ट झाली म्हणून बायका स्क्रू सैल करतात आणि बसवणी बिघडते. संध्याकाळी कोमट पाण्यानं धुऊन, कोरडी पुसून, स्क्रूवर तेलाचा एक थेंब सोडला तर ही वेळ येत नाही.

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींत हीट ट्रीटमेंटची, म्हणजे पोलादाला पाणी देण्याची सोय आहे. गिऱ्हाईक तर बांधावरच उभं आहे. बसवणारा तेवढा नाही. बागायतदारांनी मिळून पिंपळगाव बसवंतला दोन-तीन शिकाऊ पोरं पगारावर ठेवावीत. धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरातली असली तर उत्तमच, त्यांचा हात दगडावर बसलेला असतो. सुरुवात नव्या कात्रीनं करू नये. चुकीच्या धारेनं बिघडलेल्या कात्र्या घरोघरी पडून आहेत, त्याच त्यांच्यापुढे ठेवाव्यात. मानांकनाचा अर्ज नंतर करता येईल, आणि त्यात बसवणी हातानंच व्हावी अशी अट लिहूनच करावा.