फुलकोबी, सैंधव आणि सकाळचा चहा

काल गोकुळपेठच्या बाजारात फुलकोबी घेत होते. कॉलनीतल्या एक वहिनी भेटल्या, पिशवीत डोकावून म्हणाल्या, "अहो, तुम्हाला थायरॉइड आहे ना? मग कोबी कशाला घेऊन राहिल्या?" गर्दीत उभ्या उभ्या नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते. दोन वर्षांपूर्वी मीही हेच बोलत होते आणि त्यापायी माझे चार महिने गेले.

छेचाळिसाव्या वर्षी मला हायपोथायरॉइड, म्हणजे थायरॉइड ग्रंथी मंदावण्याचा आजार, निघाला. त्याआधी वर्षभर सगळ्यांनी वयावर ढकललं होतं. पाळी जायची वेळ आली की असं होतंच, थकवा येतो, केस गळतात, वजन वाढतं. मीही तेच मानून चालले होते. पण मे महिन्यात, नागपुरात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, कूलरसमोर मला चादर लागायला लागली. घरातले घामानं निथळताहेत आणि मी कुडकुडतेय. ते पाहून मुलीनं हट्टानं तपासणीला नेलं. टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंदावला की रक्तात वाढणारं संप्रेरक, अठराच्या वर. साधारण चारपर्यंत असावा लागतो.

डॉक्टरांनी हाशिमोटो सांगितला. हाकारू हाशिमोटो या जपानी सर्जननं 1912 साली त्याचं पहिलं वर्णन केलं, म्हणून हे नाव. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच थायरॉइड ग्रंथीवर उलटते आणि ग्रंथी हळूहळू काम सोडते. म्हणजे मी काही चुकीचं खाल्लं म्हणून हे झालं नव्हतं. हे तेव्हाच नीट डोक्यात शिरलं असतं तर पुढचं टळलं असतं.

झालं असं की ओळखीतून एक आहाराचा सल्ला मिळाला. फुलकोबी-पत्ताकोबी बंद, गहू बंद, दूध बंद, साध्या मिठाऐवजी सैंधव, सकाळी धण्याचं पाणी. महिनाभरात डॉक्टरांनी दिलेली थायरॉइडची गोळी सुटेल म्हणे. मी सगळं केलं, अगदी मनापासून केलं. विचार केल्यावर कळतं की ते इतकं सोपं का गेलं. चातुर्मासात काहीतरी सोडायचं, एकादशीला उपास, नवरात्रात नऊ दिवस. सोडणं आम्हा बायकांना लहानपणापासून येतं. त्यामुळे कोणी "हे सोड" म्हटलं की तोच उपचार वाटतो. मी गोळीही सोडली. चार महिन्यांनी टीएसएच पुन्हा वर, कोलेस्टेरॉल वर, आणि पायऱ्या चढताना मधे थांबावं लागायचं.

ग्रंथी जे संप्रेरक बनवत नाही ते बाहेरून द्यावंच लागतं. ते कोणत्याही भाजीत नाही आणि धण्यातही नाही. कोबीत ग्रंथीच्या कामात अडथळा आणणारे घटक असतात हे खरं, पण शिजवल्यावर ते बरेच कमी होतात, आणि आयोडीन पुरेसं मिळत असेल तर रोजच्या जेवणातल्या भाजीनं काही बिघडत नाही. गहू सोडायची गरज सीलिॲक, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन न सोसण्याचा आजार, असलेल्यांना. सैंधवाचं मात्र मला आजही वाईट वाटतं. आपल्याकडे गलगंडाविरुद्ध सरकारी कार्यक्रम सुरू झाला 1962 साली, पुढे घराघरात आयोडीनचं मीठ पोचलं. सैंधवात, वेगळं घातलेलं नसेल, तर पुरेसं आयोडीन नसतं. एका सल्ल्यावर मी सगळ्या घराचंच मीठ बदलून टाकलं होतं, वाढत्या वयाच्या लेकीसकट. ज्यांच्या घरी बाळ येणार आहे त्यांनी तर हा खेळ अजिबात करू नये. सुरुवातीचे महिने पोटातल्या बाळाला आईच्याच संप्रेरकावर वाढायचं असतं.

मग आहार बदलायचाच नाही का? बदलायचा. मी पुष्कळ बदलला. पण आधी काय खात होते ते बघा. सगळ्यांचं झाल्यावर अडीच वाजता जेवायचं, आणि पानात काय, तर उरलेला भात, कालची पोळी, वरणाच्या भांड्याच्या तळाशी राहिलेलं पाणी. डाळ सगळी इतरांच्या वाटीत गेलेली. आता एक वाजता मी माझं ताट वाढून घेते. ज्वारीची भाकर, घट्ट वरण नाहीतर आंबाडीची भाजी, सोबत जवसाची चटणी. पोट साफ राहायला लागलं, या आजारात तो मोठाच त्रास असतो. हिवाळ्यात तुरीचे सोले पोटभर. दोन अंडी. रविवारचे तर्री पोहे सोडलेले नाहीत, फक्त पोहे अर्धे आणि तर्रीतले हरभरे दुप्पट. सावजी महिन्यातून एकदा, तेवढं तेल वजनाला आणि कोलेस्टेरॉलला परवडत नाही. सोयाबीनच्या वड्यांची भाजी आमच्या विदर्भातल्या घरात आठवड्याची ठरलेली, ती आता दुपारीच. सोया गोळीच्या शोषणात आड येतो.

आणि खरी गंमत त्या शोषणातच होती. गोळी पुन्हा सुरू करूनही आकडा जागचा हलेना. डॉक्टरांनी विचारलं, घेता कशी? मी म्हटलं, सकाळी चहासोबत, आणि नाश्त्याला कॅल्शियमची गोळी. त्यांनी पेन खाली ठेवला. ही गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्यासोबत. नंतर अर्धा तास ते तासभर काहीही नाही, चहा-कॉफी-दूध तर नाहीच. कॅल्शियम आणि लोहाची गोळी चार तासांनी. मग सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी.

ऐकायला एवढंसं. पण आमच्या घरी पावणेसहाला सासूबाईंसोबत पहिला चहा, पंचवीस वर्षांचा नेम. पिवळ्या कपात त्यांचा, स्टीलच्या पेल्यात माझा. कोबी सोडताना मला काही वाटलं नव्हतं. हा चहा तासभर पुढे ढकलायचा म्हणताना मात्र आठवडाभर मी त्यांना सांगूच शकले नाही. गोळी हातात घ्यायचे आणि डबीत परत ठेवायचे.

शेवटी त्यांनीच ती डबी पाहिली. "काय करून राहिली तू रोज सकाळी?" सगळं सांगितलं. थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "घे तू. मी थांबते."

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. आता पहाटे मी गोळी घेते, आम्ही दोघी अंगणात तुळशीपाशी बसतो, त्या जप करतात, मी मेथी निवडते. आणि पावणेसातला दूध उतू जायच्या बेतात आलं की आतून त्यांचाच आवाज येतो, "झाला ना गं तुझा तास?"