संत मॅग्नसला मारलं कोणी? एक खुलासा

‘ख्रिस्ती धर्म सोडला नाही म्हणून मूर्तिपूजकांनी स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांचा सरदार मॅग्नस याला ठार केलं’, असा मजकूर सध्या फिरतोय. तसं नव्हतं. मारणारा हाकोन त्याचा सख्खा चुलतभाऊ, तोही ख्रिस्तीच. भांडण राज्याच्या वाटणीचं. आपल्याकडच्या भाऊबंदकीसारखंच! १११७ च्या सुमारास तिथल्याच एगिल्से बेटावर समेटाच्या नावाखाली हाकोनने मॅग्नसला गाठलं. जुन्या नॉर्स (स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतल्या) गाथेनुसार निशाणधारकाने वार करायला नकार दिला, तेव्हा हाकोनने आपला आचारी लिफोल्फ याला ते काम करायला लावलं. बिचारा रडत होता म्हणे.

पुढे मॅग्नसचा भाचा रोग्नवाल्ड याने ११३७ मध्ये ऑर्कनीतल्या कर्कवॉल गावी त्याच्या नावाचं कॅथेड्रल (मोठं चर्च) बांधायला घेतलं. १९१९ मध्ये तिथल्याच एका खांबात अस्थींची पेटी सापडली. त्या मॅग्नसच्याच मानल्या जातात. कवटीवर घावाची खूण आहे.