सिकलचा मेसेज आणि नळीमागच्या रेघा

भजनी मंडळाचा ग्रुप, बचत गटाचा ग्रुप आणि भाच्याच्या लग्नासाठी काढलेला ग्रुप. तिन्हीकडून तोच मेसेज आला. वर 'सिकलसेल : डॉक्टर हे कधीच सांगणार नाहीत', खाली जोडलेले हात. सिकलसेल म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आजार, बोलताना नुसता सिकल. म्हणणं थोडक्यात असं : सिकल आईच्या रक्तातून लेकरात उतरतो. चार लेकरांत एकालाच होतो, म्हणजे पहिल्याला झाला तर पुढची तीन मोकळी. एएस (नुसता वाहक) असलेला माणूस पुढे एसएस (आजारी) होतो, त्याच्याशी सोयरीक नको. आजार आदिवासींचाच. आणि वाढ खुंटलेल्या पोराला तीन महिने बीट, गव्हांकुराचा रस आणि लोहाच्या गोळ्या दिल्या की 'बिघडलेला जीन दुरुस्त होतो'.

मी चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही-नागभीडकडच्या धानपट्ट्यात लॅब टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे डॉक्टर जे सांगणार नाहीत ते सांगायला मोकळा.

आधी तो 'बिघडलेला जीन'. घरी निरोप धाडला, 'धान पाठव', आणि वाटेत 'ध'चा 'द' झाला, तर घरचे दान पाठवतील. सिकलमध्ये एवढंच झालेलं असतं. रक्तात ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन बनवण्याची एक कृती, म्हणजेच जीन, अकराव्या गुणसूत्रावर लिहिलेली आहे. तिच्यातलं एक अक्षर बदललं, 'ए'च्या जागी 'टी' आलं, आणि १४६ अमिनो आम्लांच्या साखळीतलं सहावं अमिनो आम्ल दुसरंच बसलं. असं हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडलं की एकमेकाला चिकटतं, त्याच्या काड्या होतात, आणि गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. बाकी अक्षरं बदलणं हा रोगच असतो असंही नाही. जन्मणाऱ्या प्रत्येक लेकरात आईबापात नसलेले साठ-सत्तर नवे बदल असतातच, तुमच्या-माझ्यातही आहेत. बहुतेकांनी काहीच होत नाही.

आता 'आईच्या रक्तातून'. मागच्या पावसाळ्यात एक आजी नातीला घेऊन आली, सोबत सून. पोरगी तेरा वर्षांची, आठवीत, पण उंचीनं चौथीतली वाटावी अशी. डोळे पिवळसर, मनगट माझ्या दोन बोटांत मावेल एवढं. रिपोर्ट एसएस. आजीनं मोबाइल पुढे केला आणि सुनेकडे न बघता म्हणाली, "आमच्या खानदानीत असं काई नाही जी. हे तिच्या माहेरचंच."

या जीनच्या प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. साधी प्रत ती ए, अक्षर बदललेली ती एस. दोन्हींत अक्षर बदललेलं असेल तरच एसएस, म्हणजे आजार. एकीतच असेल तर एएस, म्हणजे वाहक. आईनं एकच एस दिला, दुसरा बापाशिवाय येणार कुठून? लेकराच्या एसएस रिपोर्टमध्ये बापाचंही नाव असतं, फक्त ते कोणी वाचत नाही. आणि वाढीचा प्रत्येक दोष आईकडूनच येतो हे तर सपशेल खोटं. अकोंड्रोप्लासिया नावाचा एक बुटकेपणा आहे, हातपाय आखूड राहतात. अशी दहातली आठ मुलं साधारण उंचीच्या आईबापांनाच होतात. तिथं अक्षर नव्यानं बदललेलं असतं, आणि तो बदल तपासला तेव्हा बापाच्या बीजात सापडला. ग्रहणात सुनेनं विळी हाती धरली होती की नाही, याचा त्यात काही संबंध नाही.

मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ मात्र 'पुढची तीन मोकळी' ही. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत आठवा. बरणीतून पोरगं चिठ्ठी काढतं, निघालेली चिठ्ठी बाजूला राहते, उरलेल्यांतून पुढची निघते. लोक सिकलचंही तसंच धरतात. इथं चिठ्ठी दरवेळी परत बरणीत जाते. आईबाप दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारातली एक चिठ्ठी एसएसची, दोन एएसच्या, एक साफ. पहिलं एसएस झालं म्हणून दुसऱ्याचा धोका कणभर कमी होत नाही. एका घरात ओळीनं दोन एसएस मी पाहिले आहेत, आणि दुसऱ्या वेळी तपासणी या 'हिशेबा'पायीच टाळली होती. गर्भाची तपासणी दहाव्या-बाराव्या आठवड्यापासून होऊ शकते. दोघांचा रिपोर्ट एएस असेल तर दिवस राहिल्या राहिल्या सांगावं.

एएसचा एसएस होतो? नाही, कधीच नाही. जन्माला जे आलं तेच मरेपर्यंत. एएस माणसं धान रोवतात, ट्रॅक्टर हाकतात, म्हातारी होतात. एएसचं लग्न साफ रिपोर्टवाल्याशी झालं तर एकही लेकरू एसएस होत नाही. हे मी तावातावानं लिहितो त्याला कारण आहे. नोकरीच्या सुरुवातीला मी एका मुलीच्या कागदावर नुसतं 'सिकल पॉझिटिव्ह' लिहून दिलं. सॉल्युबिलिटी टेस्टमध्ये औषधाच्या पाण्यात रक्ताचा थेंब टाकतात आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या तर साफ, पाणी गढूळ होऊन लपल्या तर रक्तात एस आहे. एक आहे की दोन, हे ही टेस्ट सांगत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, लागते. ती झाली तेव्हा मुलगी एएस निघाली, पण तोवर सोयरीक मोडली होती. मुलाची तपासणी तर कोणी मागितलीच नव्हती.

'आदिवासींचाच' यावर फार शाई घालवत नाही. विदर्भात तो अनुसूचित जातींत आहे, जमातींत आहे, ओबीसींतही आहे. एएस असलेल्याला मलेरिया जिवावर बेतण्याइतका होण्याची शक्यता कमी असते, हे संशोधक अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवलं. जिथं मलेरिया, तिथं हे अक्षर टिकलं. डास जातीचा दाखला मागत नाही.

राहिली वाढ. एसएस लेकरू पहिले पाच-सहा महिने टुणटुणीत असतं, कारण तोवर गर्भातलं हिमोग्लोबिन त्याला सांभाळतं. ते ओसरलं की हातापायांची बोटं सुजतात, ताप येतो. नेमकी तीच वेळ उष्टावणाची, म्हणून आळ कधी भातावर, कधी लशीवर, कधी नजरेवर. साधी तांबडी पेशी १२० दिवस जगते, सिकलची दहा-वीस दिवस. म्हणजे हाडांतला मगज रात्रंदिवस पेशी बनवत बसतो. खाल्लेलं तिकडेच खर्च होतं, उंचीच्या वाट्याला उरत नाही. पाळीही वर्ष-दोन वर्षं उशिरा येते. पण हा उशीर आहे, कायमचा शिक्का नाही. बरीचशी मुलं उशिरा का होईना उंची भरून काढतात.

रक्त कमी असतं ते पेशी लवकर फुटतात म्हणून, आणि फुटलेल्या पेशीतलं लोह शरीरातच राहतं. वरून मनानं लोहाच्या गोळ्या चारल्या, त्यात अनेकदा रक्त चढवलेलं असेल, तर ते यकृतात, हृदयात साचतं. लोह तपासून कमी निघालं तरच डॉक्टर देतील. एरवी फॉलिक अ‍ॅसिड, भरपूर पाणी, वेळच्या लशी, आणि हायड्रॉक्सियुरिया. या गोळीनं गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढतं, दुखणी कमी होतात, मात्र अधूनमधून रक्त तपासत राहावं लागतं. रोवणीच्या थंड पावसात असं पोर बांधीत उभं करू नये.

आणि बीट? खा की, चांगलं असतं. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेनं जीन कापून करायच्या पहिल्या उपचाराला मान्यता दिली. मगजातल्या पेशी बाहेर काढून त्यांतला जीन कापतात, रुग्णाला केमो देतात आणि त्या पेशी परत घालतात. तेव्हा अमेरिकेत किंमत होती २२ लाख डॉलर. तोसुद्धा ते चुकलेलं अक्षर दुरुस्त करत नाही, गर्भातल्या हिमोग्लोबिनचं बंद झालेलं दार उघडतो. आमच्या आठवडी बाजारात बीट मात्र रुपयांतच मिळतं.

रोवणी आटोपल्यावर त्या पोरीचा बाप आला, आजीही आली. बापाच्या रक्ताची नळी मी रेघांच्या कागदापुढे धरली. आजी वाकली, पदरानं चष्मा पुसून पुन्हा वाकली.

"रेघा नाही दिसत जी," म्हणाली.