दसरा झाला की आणून देते

आज सकाळी इनबॉक्समध्ये मेसेज आला. ओळख ना पाळख. "ताई नमस्कार, तुम्ही ससे घेता असं कळलं. आमचा एक आहे, स्नोवी. खूप गोड आहे, काही त्रास नाही. फक्त दातांचा थोडा प्रॉब्लेम आहे. तुमच्याकडे दिला तर तुम्हालाही पुण्य लागेल." सोबत फोटो. पोपटाच्या पिंजऱ्यात पांढरा ससा, पुढ्यात अख्खं गाजर, आणि हनुवटीपासून छातीपर्यंत केस ओले होऊन चिकटलेले.

मी विचारलं, शेवटचं कधी खाल्लं त्याने?

"परवापासून नीट खात नाहीये. मूडी आहे तो."

आजच्या आज डॉक्टरकडे न्या म्हटलं. त्यावर उत्तर काय, तर "आज सवाष्णी जेवायला आहेत ताई. दसरा झाला की आणून देते."

तेव्हापासून डोकं फिरलंय. ऑफिसचं काम तसंच पडलंय आणि मी हे टाइप करत बसलेय.

माझ्या यादीतले तुम्ही सगळे आपलेच आहात, तुम्हाला जिवाची किंमत समजावून सांगायची वेळ अजून आलेली नाही. पण हा मेसेज कुणा राक्षसाने पाठवलेला नाहीये. चांगल्या घरातली, सवाष्णींना पुरणपोळी वाढणारी बाई आहे. आणि परवापासून उपाशी असलेला ससा दसऱ्यापर्यंत थांबेल असं तिला मनापासून वाटतंय. तो थांबत नाही हो. सशाचं आतडं सतत चालू राहावं लागतं. दहा-बारा तास पोटात काही गेलं नाही तर ते मंदावतं, गॅस धरतो, पोट दुखतं, दुखतं म्हणून तो आणखी खात नाही, आणि मग लिव्हर जायला लागतं. कुत्रं दोन दिवस जेवलं नाही तर आपण काळजी करतो. ससा एक रात्र जेवला नाही तर गाडी काढायची असते.

आणि "मूडी". या शब्दाने माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, कारण माझ्याकडच्या सशाच्या, तात्याच्या, आधीच्या घरच्यांनीही हाच शब्द वापरला होता.

तात्या आमच्याकडे आला तो आंब्याच्या पेटीतून. त्याचंही नाव तेव्हा स्नोवीच होतं (भारतात पांढऱ्या सशाचं दुसरं नाव ठेवायला बंदी आहे बहुतेक). तात्या हे नाव आम्ही ठेवलं, तोंडाकडे बघून. खालचे पुढचे दात ओठांच्या बाहेर आलेले, वरचे आत वळून टाळूला टेकलेले. खूप नखरे करतो खायला, असं सांगून गेले. संध्याकाळी मी त्याच्यापुढे धुतलेली मेथी ठेवली. तो धावत आला. एक काडी उचलली, तोंडात फिरवली, टाकली. दुसरी उचलली, टाकली. मग तीच पहिली पुन्हा उचलली. असं तो कितीतरी वेळ करत होता आणि मी समोर फरशीवर बसून बघत होते. भूक मरणाची लागली होती त्याला. खाता येत नव्हतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी भूल देऊन तोंड उघडलं तेव्हा कळलं की पुढचे दात ही तर नुसती जाहिरात होती. खरा प्रकार मागे होता. सशाला एकूण 28 दात असतात, त्यातले 22 मागे दाढांच्या जागी, जे आपल्याला कधी दिसतच नाहीत. सगळेच्या सगळे जन्मभर वाढत राहतात. पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. गवत चावून चावून ते झिजायला हवेत. झिजले नाहीत की दाढांना काटे येतात, खालच्या दाढांचे जिभेकडे आणि वरच्यांचे गालाकडे. डॉक्टरांनी मला दुर्बिणीतून दाखवलं. तात्याच्या जिभेच्या कडेला जखम होती, पांढरट, खोल. प्रत्येक घासाला तो काटा तिथेच लागत होता. आणि लोक म्हणे मूडी!

ससा ओरडत नाही. कुणाचंतरी भक्ष्य म्हणून जन्माला आलेला प्राणी, दुखणं दाखवलं तर मेलाच. कोपऱ्यात पाठ करून बसतो, डोळे अर्धे मिटतो, दात करकर वाजवतो. हे ज्याला बघता येत नाही त्याला तो "शांत" वाटतो. "आमचा खूप शांत आहे हो, दिवसभर एका जागी बसतो." असे फोन आले की मला घाम फुटतो.

आता दुकानवाल्यांकडे येते, कारण त्यांच्यावर बोलल्याशिवाय मला आज झोप लागणार नाही. चारशे-पाचशे रुपयांत, आईचं दूध सुटायच्या आधीचं पिल्लू हातात देतात. सोबत सल्ला फुकट. गाजर द्या, पोळी द्या, बिस्कीट पण खातो, पाणी देऊ नका मरतो, आणि जोडी घ्या, एकटा राहिला की मरतो. जोडी म्हणजे नर-मादी. मादी महिन्याभरात विते, आणि त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. मग सहा महिन्यांनी आम्हाला फोन, ताई बारा झालेत, घेता का? शिवाय आता लोंबत्या कानाच्या, चपट्या तोंडाच्या सशांचं फॅड आलंय, रीलमध्ये गोंडस दिसतात म्हणून. जबडा आखूड झाला की दातावर दात बसणार कसा? जन्मतःच त्या पिल्लाच्या नशिबी भूल आणि घासणी लिहिलेली. 2018 मध्ये पेट शॉपसाठी केंद्राचे नियम आले, दुकानाची नोंदणी लागते, त्यात ससाही येतो. विचारा एखाद्या दुकानात नोंदणीचा कागद दाखवा म्हणून. मी विचारलाय. मला गाजर दाखवण्यात आलं.

आणि दात वाढले म्हणून दुकानात परत नेलं की नेलकटरने कापून देतात! दात उभा चिरतो, मुळापर्यंत तडा जातो, तिथून पू धरतो. ड्रिलने घासायचा असतो तो. माणसाच्या दाताला नेलकटर लावून बघा म्हणावं.

बरं, मान्य. सगळ्यांकडे पैसे नसतात. एक्स-रे, भूल, घासणं, औषधं मिळून जी रक्कम होते तेवढ्यात कुणाच्यातरी घरचा महिन्याचा किराणा येतो. आणि ससा समजणारा डॉक्टर सगळीकडे नाही. साताऱ्याहून, सोलापूरहून लोक पुण्यात आणतात. नेहमीच्या डॉक्टरने भाबडेपणाने अमॉक्सिसिलीन तोंडावाटे दिलं तरी ससा जाऊ शकतो, पोटातले उपयोगाचे जिवाणूच मरतात त्याने. भूल द्यायच्या आधी रात्रभर उपाशी ठेवा असंही कुणी सांगतं. सशाला उलटी होतच नाही, त्याला उपाशी कशाला ठेवायचं? तर हे सगळं मान्य. पण तेवढ्या पैशांत नवीन दहा येतील, हे वाक्य मला माझ्याच नात्यातल्या माणसाने ऐकवलंय, तात्या समोर बसलेला असताना. दहा येतील ना. दहांना मिळून 280 दात येतील.

काल-परवाच कुणीतरी विचारलं, "पण तात्या आता बरा झाला ना?" नाही झाला. होणार नाही. दात वाढायचे थांबत नाहीत. दर काही आठवड्यांनी तो मेथीची काडी उचलून टाकायला लागतो, आणि मला कळतं, पुन्हा दात घासून घ्यायची तारीख आली. त्याआधी वजनकाटा सांगतो. स्वयंपाकघरातला काटा आता त्याचाच आहे, त्यावर मैदा मोजणं आम्ही सोडून दिलंय. रोज सकाळी वजन, मग लेंड्या बघायच्या. मोठ्या, गोल, सुक्या असल्या की दिवस चांगला. बारीक झाल्या किंवा केसांत ओवून माळ आली की ऑफिसला उशीर. डाव्या डोळ्यातून पाणी येतं, कारण वरच्या दाताचं मूळ वाढून अश्रुनलिकेवर दाबतंय. ते पुसायचं, नाहीतर गालाची कातडी सोलते. वाईट दिवसात भिजवून वाटलेल्या पेलेट्सची (सशाच्या खाद्याच्या गोळ्यांची) पेज सिरिंजने, जिभेवर नाही, गालाच्या बाजूने, थोडी थोडी. घाई केली की श्वासनलिकेत जाते. उन्हाळ्यात शहाबादी फरशीचा तुकडा आणि टॉवेलात गुंडाळलेली बर्फाची बाटली. 30 अंशांच्या वर गेलं की त्याला त्रास, आणि पुण्यात एप्रिल म्हणजे तुम्हाला माहितीच आहे.

आमच्या भाजीवाल्या मावशी मात्र सोनं आहेत. गाजराचा आणि मुळ्याचा पाला पिशवीत बांधून ठेवतात, पैसे घेत नाहीत, वर विचारतात "म्हातारा काय म्हणतोय?" गणपतीत उरलेल्या दूर्वाही त्यांनीच आणून दिल्या. दूर्वा काय आवडतात त्याला! पूर्ण जुडी संपवतो दात घासलेल्या आठवड्यात. बाकी वर्षभर टिमोथीचं सुकं गवत मागवते, महाग पडतं, पण लसूणघास रोज घालून चालत नाही, कॅल्शियम फार. लघवीतून खडूचं पाणी जायला लागतं.

थांबा. आत्ता तिचा मेसेज आला.

"ताई, घेऊन आले दवाखान्यात. सासूबाई म्हणाल्या, सवाष्णींचं मी बघते, तो जीव तळमळतोय, तू जा."

बसलेच मी जागेवर.

पोटात गॅस झालाय. इंजेक्शन दिलंय दुखण्याचं, कातडीखाली सलाईन दिलंय, आज रात्री भरवायला सांगितलंय, पोट सुरू झालं की दातांचं बघू म्हणालेत. सोबत फोटो, तिच्या भरजरी पदराखाली झाकलेला तो. वरती मी तिला जे काही म्हटलंय ते खोडत नाही, सकाळी ते खरंच होतं. पण त्या सासूबाईंना माझा नमस्कार. ज्यांना मी कधी भेटले नाही, ज्यांना दाढा किती असतात माहीत नसेल, त्यांना तो तळमळतोय एवढं दिसलं.

काजू आठवली मला. तुमच्यातल्या काहींनी पाहिली आहे ती, लोंबत्या कानांची, तपकिरी. जबड्याला गाठ घेऊन आली होती. सशाचा पू वाहत नाही, चक्क्यासारखा घट्ट असतो, सुई घालून निघत नाही, गळू उघडून खरवडून काढावं लागतं. काढलं. पुन्हा आलं. एक्स-रेमध्ये हाड खाल्लेलं दिसलं. तिलाही मी तात्याच्या शेजारीच मेथी दिली होती, आणि ती काडी उचलायलाही पुढे आली नाही. त्या दिवशी डॉक्टर म्हणाले की आता आपण तिच्यासाठी करत नाही आहोत, स्वतःसाठी करतो आहोत. ऐकलं मी. "कशाला जगवता असल्यांना" म्हणणाऱ्यांचं एखाद्या सशाच्या बाबतीत बरोबर असतं, हे दात-ओठ खाऊन कबूल करते. पण ते ठरवायला आधी तिचा एक्स-रे बघावा लागतो, तिच्यासोबत रात्री काढाव्या लागतात. सोफ्यावर बसून ठरत नाही.

हे लिहून होतंय तोवर दुसरा मेसेज. "आता तुम्ही घ्याल ना ताई? तुमच्याकडे त्याचं कल्याण होईल."

नाही घेणार.

रागाने नाही म्हणत. जागा नाही. बेडरूममध्ये तात्या, गॅलरीच्या खोलीत मान वाकडी झालेली जोडी, जिचं 28 दिवसांचं औषध चालू आहे, आणि फॉस्टर, म्हणजे तात्पुरतं सांभाळणारं घर, हे काही गोदाम नव्हे. पण खरं कारण दुसरं आहे. तिच्या घरी आत्ताच्या घटकेला एक बाई आहे जी भरजरी साडीत रिक्षा करून दवाखान्यात गेली, आणि एक सासू आहे जिने तिला पाठवलं. माझ्याकडे आणून टाकला तर तो माझा अमका-तमका नंबरचा ससा. तिथे तो त्यांचा आहे. मी तिला लिहिलंय की उद्या संध्याकाळी येते, सिरिंजने भरवायचं शिकवते, पिंजरा काढून टाकू, गाजर बंद, गवत माझ्याकडचं घेऊन येते. पुण्य काय ते तुम्हालाच लागू दे. अजून निळी टिक आली नाहीये. पाहुण्यांची पानं पडली असतील.

आणि तुम्ही, जे खाली "धन्य आहात", "हॅट्स ऑफ", "देव तुम्हाला बळ देवो" लिहिणार आहात ते. प्रेमाने लिहिता, माहितीये. पण यावेळी नको. मला दिवाळीसाठी माणूस हवाय. आम्ही गावी जाणार, आणि फटाक्यांच्या आवाजाने तात्याचं पोट दरवेळी बिघडतं. मुख्य रस्त्यापासून आत घर असलेलं, कुत्रं नसलेलं, सकाळ-रात्र वजन करून मला व्हॉट्सॲपवर पाठवू शकेल असं कुणी असेल तर इनबॉक्स करा. कोथरूड, कर्वेनगर, वारजे चालेल. आधी दोन-तीनदा घरी येऊन भरवायला शिकावं लागेल, त्याशिवाय देणार नाही. टिमोथीचं नवं पोतंही आलंय, अर्धं कुणाला हवं असेल तर खर्च वाटून घेऊ.