‘ऑइल बदललं की झालं’? होत नाही, बाबांनो!

महिनाभर बेळगाव, खानापूर, निपाणीच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मलाच तो सात वेळा आला, त्यातला एक थेट मेव्हण्याकडून. मजकूर साधारण असा: “स्पोर्ट्स कार घ्यायची तर जपानी. जर्मन गाडीसारखी रडत नाही, ऑइल बदललं की झालं. महाराष्ट्र पासिंगची जुनी उचला, टॅक्स वाचतो. पार्ट अडला तर उद्यमबागेत वाट्टेल ते बनतं. आणि ट्रॅक कशाला पाहिजे, आपला चोर्ला घाट आहे की!”

माझ्याकडे सेकंडहँड निसान ३७० झेड ही जपानी स्पोर्ट्स कार आहे. ३.७ लिटरचं व्ही-६ इंजिन, मागच्या चाकांना ताकद, हाताने टाकायचे सहा गिअर. त्यामुळे गप्प बसवत नाही.

‘रडत नाही’ हे रोजच्या वापरापुरतं मान्य. टिळकवाडी ते काकती अशी रोज फिरवली तर ही गाडी खरंच निमूट चालते. पण ट्रॅकवरची वीस मिनिटं आणि रस्त्यावरची वीस मिनिटं यांचं गणित वेगळं. हायवेवर तुम्ही ॲक्सिलरेटर पूर्ण किती सेकंद दाबता? ट्रॅकवर तो जवळजवळ प्रत्येक सरळ पट्ट्यावर दाबलेला असतो. या मॉडेलच्या सुरुवातीच्या गाड्यांबद्दल तर जगभर बोललं गेलंय: सलग लॅप, म्हणजे ट्रॅकच्या फेऱ्या, मारले की ऑइलचं तापमान चढत जातं आणि १४० अंश सेल्सिअसच्या आसपास गाडी स्वतःला वाचवायला ताकद कमी करते. म्हणून ट्रॅकवर नेणारे आधी ऑइल कूलर बसवतात. नुसतं ऑइल बदलून ती उष्णता जायची कुठे?

ऑइलपेक्षाही लोक ब्रेक ऑइल विसरतात. मीही विसरलो होतो. चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर पहिल्यांदा गेलो, तेव्हा चौथ्या लॅपला पेडल एकदम स्पंजासारखं झालं. नशिबाने पुढे मोकळी जागा होती. चूक शंभर टक्के माझी. आतलं ब्रेक ऑइल बेळगावचे दोन पावसाळे पाहिलेलं होतं. ते हवेतलं पाणी शोषतं, गाडी शेडमध्ये उभी असली तरी. डॉट ४ प्रकारचं कोरडं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये असं मानक आहे; ३.७ टक्के पाणी शोषलेल्यासाठी हीच मर्यादा १५५ वर येते. उकळलं की पाइपात वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पाय खाली जातो, गाडी थांबत नाही. आता प्रत्येक वेळी ट्रॅकवर जाण्याआधी ते नवं भरतो, पॅड जास्त उष्णता सोसणारे घालतो, आणि व्हीलनट एअरगनवर न सोडता टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोराएवढंच आवळणारा पाना) १०८ न्यूटन-मीटरला स्वतः आवळतो. शेवटचा लॅप हळू मारायचा आणि आत येऊन हँडब्रेक ओढायचा नाही, सगळे ब्रेक तापलेले असतात. एवढं सगळं ‘झालं’मध्ये कुठे बसवायचं?

महाराष्ट्र पासिंगचं बोलायचं तर आपल्याकडे अर्ध्या गल्लीत एमएच ०९ उभ्या असतात, म्हणून लोकांना वाटतं चालतंय. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ४७ सांगतं: दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यायचा. म्हणजे एनओसी (ना-हरकत दाखला) आणि कर्नाटकाचा लाइफटाइम टॅक्स. हा टॅक्स २० लाखांवरच्या नव्या गाडीला १८ टक्के, वर सेस; जुनीला वयानुसार कमी. वाचत नाही, पुढे ढकलला जातो.

उद्यमबागेबद्दल, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीबद्दल, मात्र मेसेज अर्धा खरा आहे, आणि ते लिहिताना मला बरंही वाटतं. ब्रॅकेट, बुश, सायलेन्सरचा फ्लँज इथे जसा करून मिळतो तसा मोठ्या शहरात मिळणं कठीण. पण कुणी प्रेमाने ब्रेक डिस्क ओतून देतो म्हणाला तर चहा पिऊन परत या. आपले फाउंड्रीवाले लायक आहेत, पण एका नगासाठी धातूची तपासणी आणि बॅलन्सिंग कोण करणार? शिवाय खर्च नेहमी पार्टाचा नसतो. ३७० झेडचा क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणारा भाग) गिअरबॉक्सच्या घरात बसतो. मुठीएवढी वस्तू, पण बदलायला अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो.

राहिला चोर्ला. जांबोटी, कणकुंबी करत गोव्याकडे खाली उतरणारा रस्ता देखणा आहे, पण तो ट्रॅक नाही. वळणापलीकडे पणजीची बस आहे की गाय, हे कळत नाही, झेंडा दाखवणारं कुणी नाही, आणि चुकलात तर थांबायला माती नाही, दरी आहे. इरुंगाट्टुकोट्टईला ३.७ किलोमीटरमध्ये १२ वळणं आहेत आणि सगळ्या गाड्या एकाच दिशेने जातात. जायला आठशेच्या आसपास किलोमीटर पडतात, कबूल. सुरुवात करायची तर कोल्हापूर जवळ आहे, तिथे गो-कार्ट चालवून बघा. आणि घाटात असो वा ट्रॅकवर, पॉलिसीतलं ‘वापराच्या मर्यादा’ हे पान वाचा. शर्यत आणि वेगाची चाचणी त्यातून वगळलेली असते. मेव्हण्याला त्या पानाचा फोटो पाठवलाय. अजून निळ्या टिका आल्या नाहीत.