एल्फ्रिडा आंद्रेवरच्या प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया लांब होती आणि मनापासून लिहिलेली होती, म्हणून दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं बरं वाटेना. इतर वाचकांसाठी तिचा गोषवारा आधी देते. एल्फ्रिडा आंद्रे या स्वीडिश ऑर्गनवादक आणि संगीतकार बाईवरच्या माझ्या लेखात मी ‘पहिली’ या शब्दाचा जप केला आहे, असं तुमचं म्हणणं. चर्चमधली ऑर्गनिस्ट म्हणजे प्रार्थनेला साथ करणारी पगारी नोकर, त्यात एवढं कौतुक कसलं, हा दुसरा मुद्दा. वडील डॉक्टर, घर खाऊन-पिऊन सुखी, मग संघर्ष कुठला, हा तिसरा. आणि शेवटचा, सगळ्यात टोकदार: संगीत खरंच थोर असतं तर आजवर ते आपल्या कानावर पडलंच असतं.

या शेवटच्या मुद्द्यासाठीच मी हे सगळं लिहिते आहे. पण तिथे पोचायची वाट ऑर्गनवरूनच जाते, त्यामुळे सुरुवात दुसऱ्या मुद्द्यापासून करते.

आपल्या पिढ्यांनी ऑर्गन पाहिला, ऐकला तो संगीत नाटकात. पायाने भाता मारायचा, समोर पट्ट्या, आणि गायकाच्या मागे मागे सुरांची भरणी करायची. त्यामुळे ऑर्गन म्हटलं की साथ, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. चर्चमधला पाइप ऑर्गन ही संपूर्ण वेगळी गोष्ट आहे. शेकडो, मोठ्या वाद्यात हजारो नळ्या असतात. काही बोटाएवढ्या, काही दुमजली घराएवढ्या उंच. हातांसाठी एकावर एक अशा पट्ट्यांच्या दोन-तीन ओळी आणि पायांसाठी खाली एक स्वतंत्र ओळ. पायांनी भाता नव्हे, स्वर वाजवायचे असतात, खर्जाची एक अख्खी चाल दोन पायांनी चालवायची असते. एल्फ्रिडाच्या काळात हवा भरायला भात्यावर वेगळी माणसं लागत. बाजूला स्टॉपच्या मुठी असतात. त्या ओढल्या-ढकलल्या की तोच स्वर बासरीसारखा, तुतारीसारखा किंवा तंतुवाद्यासारखा ऐकू येतो. भलामोठा वाद्यवृंद एका माणसाच्या हातापायांखाली येतो, आणि त्या माणसाला कोणाची परवानगी लागत नाही. हे शेवटचं वाक्य कृपया लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

आता ‘पगारी नोकर’. हो, नोकरीच होती ती, आणि त्यात कमीपणा मानायचं मला काहीच कारण दिसत नाही. बाख हाही लाइपझिगमध्ये चर्चचं संगीत सांभाळणारा, नगर परिषदेचा पगारी नोकरच होता. कॅथीड्रलच्या ऑर्गनिस्टने दर रविवारी उपासना सांभाळायची, सुरुवातीला आणि शेवटी स्वतंत्र वादन करायचं, सणावारांना कॉयर, म्हणजे गायकवृंद, उभा करायचा, गरज पडेल तेव्हा नवं संगीत लिहून द्यायचं. शहराचं संगीतजीवन त्या जागेभोवती फिरायचं. हे आपल्यापासून फार लांब आहे असंही नाही. गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना सोल्फेज (स्वरलिपी वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकवत. हिंदी चित्रपटसंगीतातले व्हायोलिनवादक आणि संयोजक अँथनी गोन्साल्विस यांचे वडील माजोर्ड्याच्या चर्चमध्ये हेच काम करत, आणि अशा घरांतून, अशा शाळांतून आलेल्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद भरले. चर्चची पगारी जागा म्हणजे कलेची दुय्यम जागा, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा इतिहास जरूर पाहावा.

एल्फ्रिडाला ही जागा मिळण्यासाठी देशाचा कायदा बदलावा लागला, म्हणून मी ‘पहिली’ हा शब्द वापरला. तिचा जन्म 1841 चा, बाल्टिक समुद्रातल्या गॉटलँड बेटावरच्या विस्बी गावातला. चौदाव्या वर्षी ती ऑर्गन शिकायला स्टॉकहोमला आली. संगीत अकादमीत ऑर्गनच्या वर्गात मुलींना प्रवेश नव्हता, म्हणून ती बाहेरून बसली आणि 1857 साली ऑर्गनिस्टची परीक्षा पास झाली. वय सोळा. परीक्षा पास झालेल्या मुलग्याला नोकरीचा अर्ज करता येई, तिला येत नसे, कारण ऑर्गनिस्टचं पद बाईला धारण करता येत नव्हतं. स्वीडनमध्ये तेव्हा लुथरन चर्च हे राज्याचं चर्च होतं, त्यामुळे हा प्रश्न एखाद्या पाद्र्याच्या मर्जीवर सुटणारा नव्हता. शिवाय बायकांनी मंडळीत गप्प राहावं, असं बायबलमधल्या पॉलच्या पत्रात लिहिलेलं. त्या समाजात या वाक्याचं वजन केवढं असेल याचा अंदाज आपण करू शकतो. अर्ज, विनंत्या, नकार, पुन्हा अर्ज, असं चालत 1861 साली कायदा बदलला. मग स्टॉकहोममधल्या लहान चर्चमध्ये काही वर्षं काम, आणि 1867 साली गॉथेनबर्गच्या कॅथीड्रलची ऑर्गनिस्ट म्हणून नेमणूक. त्या पदावर ती 1929 साली मृत्यू येईपर्यंत राहिली. जवळजवळ बासष्ट वर्षं!

‘पहिली’ ही पदवी मी तिला कौतुकाने चिकटवलेली नाही. तिच्या आधी कोणी नव्हतं, कारण असूच दिलं नव्हतं. कुठलीही बाई तिथे पोचली नाही याचं कारण लायकी नव्हतं, हे सांगायला त्या शब्दावाचून माझ्याकडे दुसरा मार्ग नाही.

वडिलांबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरंच आहे. आंद्रियास आंद्रे हे डॉक्टर होते, उदारमतवादी होते, आणि मुलींनी स्वतःच्या पायावर उभं राहावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. थोरली फ्रेडरिका ऑपेरा गायिका झाली, पुढे स्टेनहामर या आडनावाने नावाजली. धाकटीसाठी वडील अर्ज लिहीत राहिले. एल्फ्रिडाला तारायंत्रावर काम करायचं होतं, तिथेही बायकांना मज्जाव होता; बापलेकीने तोही किल्ला लढवला आणि 1863 साली तारखात्याचं दार स्त्रियांना उघडलं. असा बाप लाभणं हे भाग्यच. पण या दोन बहिणींकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. बाप तोच, घर तेच, पैसा तोच. थोरलीला गायला कोणी अडवलं नाही, कारण रंगमंचावर गाणारी बाई समाजाला हवीच होती. धाकटीने ज्या क्षणी पद मागितलं, त्या क्षणी कायदा आडवा आला. सुखवस्तूपणाने तिला शिकायला मिळालं, हे मान्य. सुखवस्तूपणाने तिच्यासाठी कायदा बदलला नाही, तो भांडून बदलावा लागला.

आता शेवटचा मुद्दा. ‘थोर असतं तर ऐकू आलं असतं.’

कवीची कविता वहीत असली तरी ती पूर्ण असते. शंभर वर्षांनी कोणी वही उघडली की वाचता येते. सिंफनीचं तसं नाही. पन्नास-साठ माणसांनी एका खोलीत बसून, तालमी करून, मन लावून ती वाजवली तरच ती अस्तित्वात येते, आणि दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाजली तरच कानात राहते. 1869 साली स्टॉकहोममध्ये एल्फ्रिडाची पहिली सिंफनी वाजली. सी मेजर या स्वरसप्तकातली, अठ्ठावीस वर्षांच्या बाईने लिहिलेली. शेवटच्या भागात पहिल्या व्हायोलिनचा ताफा बाकीच्या वाद्यवृंदाच्या एक बार, म्हणजे तालाचं एक आवर्तन, मागे वाजवत राहिला. संपूर्ण भागाचा चुथडा झाला. एखाद्या नवशिक्याचा ताल सुटणं मी समजू शकते. पहिल्या व्हायोलिनची अख्खी ओळ एका बारने मागे राहते आणि शेवटपर्यंत जाग्यावर येत नाही, हे राजधानीतल्या व्यावसायिक वादकांकडून चुकून होतं यावर माझा विश्वास नाही. तिलाही ते मुद्दाम केलेलं वाटलं होतं. सभागृहात बसलेल्या श्रोत्याने त्या रात्री काय ऐकलं? त्याने एल्फ्रिडा आंद्रेची सिंफनी ऐकलीच नाही. पण मत मात्र तो तिच्याविषयी बनवून घरी गेला.

ही सिंफनी थोर आहे असं मी म्हणणार नाही. तिच्यावर जर्मन संगीतकार मेंडेल्सनची आणि नंतर तिला कोपनहेगनमध्ये ज्यांचं मार्गदर्शन लाभलं त्या निल्स गादे यांच्या धर्तीच्या संगीताची छाया आहे. हात अजून बसतो आहे. पण तरुण संगीतकाराचा हात बसतो तो वाद्यवृंदाकडून स्वतःचं लिखाण नीट ऐकून. तिच्याकडून नेमकं तेच हिरावलं गेलं.

आणि मग दोनच वर्षांनी, 1871 च्या सुमारास, तिने ऑर्गन सिंफनी लिहिली. बी मायनर, चार भाग. मघाचं वाक्य आता परत घ्या: परवानगी लागत नाही. मी यात कार्यकारणभाव बघते, हे माझं वाचन आहे, तिने तसं कुठे लिहून ठेवलं आहे असा दावा नाही. पण ज्या बाईच्या सिंफनीची वाद्यवृंदाने वाट लावली, तिने पुढची सिंफनी अशा वाद्यासाठी लिहावी जे तिच्या स्वतःच्या हातापायांखाली, तिच्या स्वतःच्या नोकरीच्या जागी उभं होतं, हा मला योगायोग वाटत नाही. तुम्ही जिला पगारी नोकरी म्हणता, त्या नोकरीनेच तिला कोणी बिघडवू शकणार नाही असा वाद्यवृंद दिला.

काळही बघा. ऑर्गन सिंफनी हा प्रकार तेव्हा नुकता रांगू लागला होता. फ्रान्समध्ये सेझार फ्रांकने 1860 च्या दशकाच्या आरंभी त्या दिशेची मोठी रचना केली होती. शार्ल-मारी विदॉर, ज्याचं नाव आज या प्रकाराशी कायमचं जोडलं गेलंय, त्याच्या पहिल्या चार ऑर्गन सिंफनी 1872 साली छापून आल्या. म्हणजे पॅरिसमध्ये जे घडत होतं तेच, त्याच सुमाराला, गॉथेनबर्गमध्ये एक तिशीची बाई आपल्या बळावर करत होती. ती रचना पुढे लंडनच्या ऑगनर या प्रकाशकाने छापली, आणि आज तिच्या सगळ्या रचनांमध्ये सर्वात जास्त वाजते ती हीच. शेवटचा भाग तर अनेक ऑर्गनवादक स्वतंत्रपणेही वाजवतात.

तिच्या रचनांची यादी या नजरेने चाळली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. ज्या रचनांना थोडे हात पुरतात त्या छापल्या आणि वाजल्या: 1865 चं पाच वाद्यांचं ई मायनर पियानो क्विंटेट, 1884 चं तीन वाद्यांचं जी मायनर ट्रायो, ऑर्गन सिंफनी. ज्यांना मोठ्या संस्थेची मान्यता लागते त्या अडकल्या. याचं सगळ्यात दुःखद उदाहरण म्हणजे तिचा ऑपेरा, ‘फ्रितियोफ्स सागा’. स्टॉकहोमचं नवं ऑपेरागृह 1898 साली उघडणार होतं, त्यानिमित्त स्पर्धा होती. एल्फ्रिडाने संहितेसाठी गाठलं ते सेल्मा लागरलॉफला, म्हणजे पुढे 1909 साली साहित्याचं नोबेल मिळवणाऱ्या पहिल्या स्त्रीला. दोघींनी मिळून स्वीडिश कवी टेग्नेरच्या जुन्या महाकाव्यावरून ऑपेरा उभा केला. निवड झाली नाही, आणि एल्फ्रिडाच्या हयातीत तो रंगमंचावर आला नाही. त्यातले काही तुकडे जोडून तिने वाद्यवृंदासाठी सुइट केली, ती तेवढी ऐकू आली. हा ऑपेरा थोर होता की सामान्य, हे ठरवायला त्या काळातल्या प्रेक्षकांना एकदाही संधी मिळाली नाही. मग ‘थोर असतं तर ऐकू आलं असतं’ हा निकष तिला कसा लावायचा?

1897 पासून गॉथेनबर्गमधल्या लोकांसाठीच्या स्वस्त संगीतसभांची सूत्रं तिच्याकडे आली. आयुष्याच्या अखेरपर्यंत अशा सुमारे 800 सभा तिने पार पाडल्या. कामगार, कारकून, शिक्षक अशा लोकांनी तिच्या या सभांत अभिजात संगीत ऐकलं. तिच्या कारकिर्दीतला हा भाग मला सिंफनींइतकाच मोठा वाटतो, आणि मूळ लेखात मी त्यावर जे लिहिलंय त्यातला शब्दही मागे घ्यायची मला गरज वाटत नाही. 1911 साली स्टॉकहोमला स्त्रियांच्या मताधिकाराची आंतरराष्ट्रीय परिषद भरली तेव्हा उद्घाटनाचा कँटाटा, म्हणजे गायक आणि वाद्यांसाठीची रचना, लिहायला लोकांनी तिला बोलावलं. सत्तरीची होती तेव्हा. स्त्रीजातीची उन्नती हा एकच ध्यास आपल्यापासून कोणी हिरावू शकणार नाही, अशा अर्थाचं तिने तरुणपणीच लिहून ठेवलं होतं, आणि ते तिने शब्दशः निभावलं.

ती ब्राह्म्सच्या तोडीची होती असं मी म्हटलं नव्हतं, आजही म्हणत नाही. माझं म्हणणं इतकंच की तिचा कस लावायचा तर जे नीट वाजू शकलं त्यावर लावा. म्हणून विनंती करते: ऑर्गन सिंफनीचा पहिला भाग एकदा हेडफोन लावून ऐका, फोनच्या स्पीकरवर खर्जाच्या नळ्या ऐकूच येत नाहीत. ऐकताना पायांनी वाजवलेल्या खर्जाकडे लक्ष द्या. त्यानंतर जी मायनर ट्रायो, निदान मधला संथ भाग. तो आवडला नाही तर का आवडला नाही तेही लिहा, मग आपण संगीतावरच बोलू.